तारे गोल झाले, पण व्ही१ तारा चंद्राच्या तावडीत

झाले एकदाचे तारे गोल! मागच्या अपडेटमधल्या माझ्या दुर्बिणीच्या फोटोंत ताऱ्यांच्या झालेल्या लांबट सुया बघून ज्यांनी ‘माउंट विकून टाक’ असा सल्ला दिला होता, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय: माउंट (दुर्बिणीला ताऱ्यांमागे फिरवणारा स्टँड) निर्दोष आहे.

महिनाभर डोकं खाल्लं या भानगडीने. गाइडिंगचा (छोट्या गाइडस्कोपने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारत राहायची, त्याचा) ग्राफ ०.७ आर्कसेकंद, दृष्ट लागावी असा, आणि ३ मिनिटांच्या प्रत्येक फ्रेममध्ये तारे लांबट. पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) चुकलंय म्हणावं, तर तारे गाइड ताऱ्याभोवती फिरल्यासारखे दिसले असते. इथे चारही कोपऱ्यांत एकाच दिशेला ताणलेले. तासाभरातली पहिली आणि शेवटची फ्रेम एकमेकींवर ठेवली तर ४० पिक्सेलचा फरक! गाइडस्कोपच्या कड्या आवळल्या, त्याची जागा बदलली, केबली बांधून टाकल्या. ढिम्म फरक नाही.

शेवटी लेझर लावला आणि नळी डोक्यावरून क्षितिजाकडे सावकाश झुकवली. फोकसर वाकत असता तर ठिपका आरशाच्या मध्यखुणेवरून सरकला असता. तो जागचा हलला नाही. परतून येणारा ठिपका मात्र सरकत गेला. सापडला चोर! मुख्य आरशाखालच्या कोलिमेशनच्या (आरसे एका रेषेत जुळवण्याच्या) स्प्रिंगा इतक्या लेच्यापेच्या, की आरशाच्या वजनानेच दबतात. सेन्सरवर हे सगळं सरकणं जेमतेम ०.१५ मिमी, पण तेवढ्याने महिना गेला. आठ इंची न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीसोबत आलेल्या स्प्रिंगा पहिल्याच दिवशी काढून टाकाव्यात, असं माझं आता ठाम मत आहे. (लॉकिंग स्क्रू करकचून आवळायचा उपायही करून झाला होता. त्याने कोलिमेशनच हललं.) जाड तारेच्या स्प्रिंगा बसवल्या आणि तासाचा फरक ६ पिक्सेलवर आला.

मग थेट देवयानी दीर्घिका. दोन तासांच्या फ्रेम एकावर एक रचून स्टॅक केलं, चार्टशी ताडून पाहिलं, आणि जिथे असायला हवा तिथेच, नॉइजमधून जरासा वर आलेला ठिपका. व्ही१, ठरावीक दिवसांनी तेज कमीजास्त होणारा देवयानीतला सेफीड तारा! १९२३च्या ऑक्टोबरमधल्या फोटोच्या काचेवर खगोलशास्त्रज्ञ हबलने आधी नवतारा समजून ‘एन’ (नोव्हा) लिहिलं आणि मग ते खोडून ‘व्हॅर!’ (व्हेरिएबल, तेज बदलणारा) केलं, तोच हा. त्याचा १०० इंची आरसा क्षेत्रफळात माझ्या दीडशेपट. सेन्सर फोटोच्या काचेपेक्षा कितीतरी संवेदनशील, म्हणून ही आगाऊ बरोबरी. त्या ठिपक्याकडे किती वेळ बघत बसलो ते सांगत नाही.

ठरलं होतं असं, की एका आवर्तनात (तेजाच्या एका पूर्ण चढउतारात) चार रात्री टिपायच्या आणि ब्लिंक करून (फोटो आळीपाळीने दाखवून) बघायचं. पण हे लिहितालिहिताच चरकलो. व्ही१चं आवर्तन ३१.४ दिवसांचं, चंद्राचं २९.५. म्हणजे पौर्णिमा दर खेपेला तेजाच्या आलेखाच्या जवळपास त्याच भागावर येणार, फरक फक्त दोनेक दिवसांचा. ताऱ्याची झपकन होणारी चढण नेमकी उजेडात सापडली, तर अख्खा हंगाम ती हाती लागायची नाही! लाल फिल्टरने चांदणं थोडं कमी होईल, पण सेफीडचा चढउतारही लाल रंगात कमीच दिसतो.

तेव्हा बेत बदलतोय. चांदण्या रात्री साध्या लेन्सने वृषपर्व्यातला डेल्टा सेफी हा सेफीड टिपायचा. त्याचं आवर्तन ५.३७ दिवसांचं, प्रत (तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा ठळक) ३.५ ते ४.४, त्याला चंद्राची फिकीर नाही. दोन्ही आलेख शेजारी ठेवता येतील. अंधाऱ्या रात्री व्ही१ला.

व्ही१च्या जवळच्या, १९व्या प्रतीच्या आसपासच्या तुलना-ताऱ्यांचा चार्ट कोणी वापरलाय का? मी निवडलेल्यांपैकी एक ताराच चंचल (तेज बदलणारा) असावा असा संशय आहे.