एकाच शहरात आठ दिवस

मी आणि आई व्हिएन्नाहून आलो त्याला आता दोन वर्षं होतील, पण प्रश्न अजून येतो. सोसायटीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत. "आईंना घेऊन, टूर कंपनीशिवाय? आणि आठ दिवस एकाच शहरात? काय केलंत एवढे दिवस?" मागच्या आठवड्यात तुम्हीही विचारलंत, तुमच्या आईबाबांना न्यायचंय म्हणालात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधीची एक सहल सांगायला हवी. आईबाबांना मी २०१५ मध्ये एका टूरबरोबर पाठवलं होतं. नऊ दिवस, पाच देश. जेवण भारतीय, हॉटेलं स्वच्छ, तक्रारीला जागा नव्हती. पण परत आल्यावर बाबा म्हणाले, "आम्ही बस पाहिली." पॅरिसला लूव्रमध्ये त्यांना चाळीस मिनिटं मिळाली. मोनालिसा लोकांच्या डोक्यांवरून दिसली, तेवढ्यात गाइडनं छत्री वर केली. बाबांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. पुढे मी व्हिएन्नाचं काढलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही दोघी जा, मी घरी बरा." ते मला फार लागलं. म्हणून मी एकच ठरवलं होतं: दिवसाला एक गोष्ट. ती झाली की दिवस झाला. बाकीचा वेळ बसायला, खायला आणि चुकायला.

सत्तरीतल्या माणसाला दर दोन दिवसांनी बॅग बांधायला लावू नका, एवढं तर माझं अगदी ठाम मत आहे. नवीन बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला हे कळेपर्यंत दोन दिवस जातात. आई पहिले तीन दिवस माझा हात सोडत नव्हती. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीत तिनं स्वतः बोट दाखवून पाव घेतला. पाच शहरांच्या सहलीत तो चौथा दिवस कधी येतच नाही.

घर घेताना लिफ्ट विचाराच, आणि "पहिला मजला" या शब्दावर विसंबू नका. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर आधी होखपार्टेर, मग मेझानिन आणि त्यानंतर पहिला मजला, असंही असतं. म्हणजे आपला तिसरा. आमच्या घराला लिफ्ट होती, पण तिच्यापर्यंत पोचायला सात पायऱ्या होत्या. स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं म्हणून वरणभात करता आला, आणि आईचा अर्धा शीण तिथेच गेला. डाळ, मसाला, भाजणी न्या. तूप आणि पेढे मात्र नेऊ नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला मनाई आहे. आईनं गुपचूप बांधलेली तुपाची बरणी मी निघायच्या रात्री बॅगेतून काढली, तेव्हा ती तासभर माझ्याशी बोलली नाही.

किराणा शनिवारी दुपारीच भरा. दुकानं शनिवारी संध्याकाळी सहाला मिटतात ती सोमवारी उघडतात. रविवारी मोठ्या रेल्वे स्टेशनांतलं एखादं दुकान उघडं असतं, तिथे रांग असते.

पाणी विकत घेऊ नका. आईचा यावर विश्वास बसेना. नळाचं पाणी तसंच प्यायचं? मी तिला सांगितलं, हे पाणी आल्प्सच्या झऱ्यांतून येतं, १८७३ पासून, आणि डोंगरापासून शहरापर्यंत नुसत्या उतारानं वाहत येतं. ती ग्लास हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे आपली पाणचक्कीच की." तिचं माहेर औरंगाबादचं. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून पाणचक्कीला येतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलंय. मग मात्र तिनं पोटभर प्यायलं.

फिरायला ट्राम. मेट्रोत जिने, सरकते जिने, धावपळ. नव्या ट्रामची पायरी रस्त्यापासून जेमतेम वीतभर उंच असते, गुडघ्यांना बरी. सात दिवसांचा पास काढा. कागदी तिकीट घेतलंत तर निळ्या खोक्यात घालून शिक्का मारा, नाहीतर खिशात तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट. मेट्रोत आत जाताना कुणी अडवत नाही, तपासनीस साध्या कपड्यांत मध्येच चढतात. खिशात ५० सेंटची नाणी ठेवा, स्वच्छतागृहांना लागतात. वयस्क माणसाबरोबर असताना ती पैशांपेक्षा मोलाची. दमलात की रिंगवरच्या १ किंवा २ नंबरच्या ट्राममध्ये बसून राहा. जुना तट पाडून केलेला हा रस्ता १८६५ मध्ये खुला झाला. ऑपेरा, संसद, नाट्यगृह, सगळं खिडकीतून जातं.

पण तुमचा खरा प्रश्न "काय केलंत" हा आहे, तर पाचव्या दिवसाचं सांगते. त्या दिवशीची एक गोष्ट म्हणजे कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, तिथलं मोठं कलासंग्रहालय. इतकं मोठं की दिवस पुरणार नाही. आम्ही एकच दालन ठरवलं, सोळाव्या शतकातला चित्रकार पीटर ब्रूगेल याचं. जगात त्याची सर्वांत जास्त चित्रं तिथे आहेत. आणि चित्रांच्या दालनांत बसायला गुबगुबीत सोफे आहेत, हे आईसाठी चित्रांइतकंच महत्त्वाचं. ती एका चित्रासमोर बसली. १५६० सालचं, एका गावच्या चौकात खेळणारी मुलं, दोनशेच्या वर. थोड्या वेळानं ती उठून अगदी जवळ गेली. दोरीपाशी उभी राहून खाली डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"अगं, या सागरगोटे खेळतायत."

खरंच खेळत होत्या. गोटे हाडांचे, पण हात तोच, वर उडवून झेलायचा. मग आईला एकेक दिसायला लागलं. ही आंधळी कोशिंबीर. हे चाक फिरवतायत. हा वाकलाय आणि हे त्याच्यावरून उड्या मारतायत. ती मोजत होती आणि मी ऐकत होते. काही खेळ मला माहीतच नव्हते. ती कुठल्या वाड्यात, कुणाबरोबर खेळायची, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पाऊण तास गेला. छत्री वर करणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी राजवाडा ठरला होता, तर ती म्हणाली, "परत त्या पोरींकडे जाऊ या." आम्ही गेलो. राजवाडा बाहेरून पाहिला.

राहता राहिलं व्हिसाचं. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यासाठी लवकरच करा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू हवा आणि दहा वर्षांपेक्षा जुना नको. म्युझियमची सुट्टी आधी बघून ठेवा, कुठे सोमवार असतो, लूव्रला मंगळवार.

आल्यावर आईनं मावशीला फोन केला. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. राजवाडा नाही, ऑपेरा नाही, तिनं सुरुवातच सागरगोट्यांपासून केली. बाबा समोर पेपर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. यंदा आम्ही प्रागचं ठरवतोय, आठ दिवस, एकच शहर. परवा कपाटात बाबांचा पासपोर्ट वरच ठेवलेला दिसला. मुदत त्यांनी स्वतःच पाहून ठेवलीय.