फोंड्याच्या पावसात पुएर: जुना कोणता घ्यावा, नवा कोणता

जुना पुएर, म्हणजे वर्षानुवर्षं मुरवायचा चिनी चहा, विकत घ्यायचा असेल तर आधी तो दमट हवेत राहिलेला चाखून बघावा. दमट हवा कशाला म्हणतात हे कळायला, चतुर्थी नुकतीच आटोपलेल्या गोव्याइतकी सोयीची जागा आपल्याला जवळ नाही. म्हणून आम्ही चौघं पुण्याहून फोंड्याला गेलो. समुद्र पाहिलाच नाही, हे घरी अजून कुणाला पटत नाही.

जाणं सोपं आहे. रेल्वेने मडगाव, तिथून कदंब स्टँडवर जाऊन फोंड्याची बस. स्टेशनपासून स्टँड लांब पडतो, त्यामुळे सामान असेल तर रिक्षा करा, एकटे असाल तर पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल. चतुर्थीच्या आसपास राहायची सोय आधी फोन करूनच करा. देवळांच्या अग्रशाळा स्वस्त आणि स्वच्छ असतात, पण धुपाच्या वासात चहा चाखता येत नाही. आम्ही फोंडा बाजाराजवळ खोली घेतली. सकाळी पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी खाऊन निघायचो. हा सल्ला चवीपुरता नाही. कोवळा पुएर उपाशी पोटी प्यायलात तर अकरा वाजेपर्यंत हातपाय थरथरतात आणि पोटात कालवाकालव होते.

ज्यांच्याकडे गेलो ते काका फोंड्याजवळच्या बांदोड्याचे, माझ्या मित्राचे मामेसासरे. आयुष्य बोटीवर गेलं. हाँगकाँगला किंवा पिनांगला बोट लागली की बाकीचे कॅमेरे नि घड्याळं घ्यायचे, हे चहा घ्यायचे. आता घराच्या मधल्या खोलीत शिसवी कपाट आहे आणि त्यात कागदात गुंडाळलेल्या, दाबलेल्या चहाच्या चकत्यांच्या थप्प्या. काकू स्वतःचा दूध-साखरेचा चहा वेगळा करतात. आम्हाला कप दाखवून म्हणाल्या, "हा काढा तुम्ही प्या, मी आपली साधी बरी."

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पुएर चीनच्या युनान प्रांतातला. २००८ च्या चिनी राष्ट्रीय मानकाप्रमाणे युनानमधल्या ठरावीक भागातला, मोठ्या पानाच्या जातीचा आणि उन्हात वाळवलेला माल असेल तरच त्याला हे नाव लावता येतं. ही मोठ्या पानाची जात म्हणजे आपल्या आसामच्या चहाचीच. त्याचे प्रकार दोन. शंग म्हणजे कच्चा, जो दाबून ठेवतात आणि वर्षानुवर्षं सावकाश बदलू देतात. शौ म्हणजे पिकवलेला. पानांच्या ढिगावर पाणी मारून, झाकून, अधूनमधून खालीवर करत साधारण दीड-दोन महिन्यांत तो काळा करतात. शौची ही रीत १९७३ मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली. तेव्हा कुणी १९६० चा शौ दाखवला तर नमस्कार करून उठावं. नेहमीची चकती ३५७ ग्रॅमची असते, अशा सात चकत्या बांबूच्या पानात बांधतात.

पहिल्याच बैठकीत मी सालं विचारायला लागलो. काकांनी तिथंच थांबवलं. "साल कसलं विचारतोस बाबा? तो कुठं राहिला ते आधी विचार. साल मागीर." मागीर म्हणजे नंतर.

आणि मग त्यांनी दाखवलं. युनानमधल्या मेंगहाय कारखान्याची ७५४२ ही शंगची गाजलेली जुळणी, म्हणजे पानांचं ठरावीक मिश्रण. तिच्या एका चकतीचे काकांनी दहाएक वर्षांपूर्वी दोन तुकडे केले होते. एक बांदोड्याच्या कपाटात ठेवला, दुसरा पुण्याला मित्राच्या घरी पाठवला. पुण्याचा तुकडा आम्ही सोबत नेला होता. दोन्हींचे सात-सात ग्रॅम, दोन सारखे झाकणाचे कप, एकाच किटलीतलं उकळतं पाणी, पहिलं पाणी टाकून दिलं, मग दहा-दहा सेकंद.

पुण्याचा रंग पिवळसर नारिंगी, गोव्याचा लालसर तांबूस. पुण्याच्या कपात वास अजून चढा, थोडा सुक्या जर्दाळूसारखा, आणि जिभेच्या कडांना चांगलीच ओढ. गोव्याच्या पहिल्या घोटात बंद खोलीचा कोंदट वास आला, तो तिसऱ्या पाण्याला गेला. त्यानंतर जे उरलं ते मऊ, लाकडी, गिळल्यावर घशात कापराचा गारवा. एकच चकती, पण वयात निम्म्याचा फरक वाटावा असं. मला व्यक्तिशः पुण्याचा जास्त आवडला. बाकी तिघांना गोव्याचा, आणि वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चालला.

पाणी झाल्यावर काकांनी दोन्हींची पानं ताटलीत पसरली. जुना शंग तपासायची ही सर्वांत भरवशाची रीत, आणि तिला पैसे पडत नाहीत. नीट मुरलेलं पान तपकिरी होतं पण बोटांनी उलगडतं, चामड्यासारखं लवचीक राहतं. अति ओल्या गोदामात ठेवून घाईने म्हातारा केलेला चहा असेल तर पानं काळी, ताठ, कोळशासारखी असतात आणि कितीही उकळली तरी उलगडत नाहीत. काकांकडे तसाही एक नमुना होता, मुद्दाम ठेवलेला. तो प्यायल्यावर घसा आवळल्यासारखा झाला. तुम्ही जिथे कुठे जुना चहा चाखाल तिथे कपापेक्षा ताटलीकडे जास्त बघा.

कागदावर मात्र भरवसा ठेवू नका. मध्यभागी हिरवं अक्षर आणि भोवती लाल अक्षरांचं कडं असलेला तो प्रसिद्ध वेष्टनकागद सरकारी चहा कंपनीचा. सरकारी व्यवस्थेत वेगवेगळे कारखाने तोच वापरत होते. त्यामुळे त्यावरून ना कारखाना कळतो ना साल. कसरीने खाल्लेला कागदही पुरावा नाही, गोव्यात कसर एका पावसाळ्यात वर्तमानपत्राची चाळण करते. आकड्यांचंही तसंच. ७५४२ मधले ७५ म्हणजे जुळणी १९७५ ची, ४ ही पानाची प्रत, २ हा मेंगहायचा क्रमांक. गेल्या वर्षीच्या चकतीवरही ७५४२ च असतं.

आता सुरुवातीचा संग्रह. माझं मत स्पष्ट आहे: जुना शंग अख्ख्या चकतीने घेऊच नका. वीस-पंचवीस ग्रॅमचा नमुना घ्या, एक नाही, दोन वेगवेगळ्या हवेतले. एक हाँगकाँग किंवा मलेशियात राहिलेला, एक कुनमिंगमध्ये राहिलेला. कुनमिंग उंचावर आणि कोरडं, तिथे चहा फार सावकाश मुरतो. पंधरा वर्षांचा कुनमिंगचा शंग कधी कधी सहा वर्षांच्या दमट शंगाहून तरुण लागतो. तुमची जीभ यातल्या कुठल्या बाजूची आहे हे कळल्याशिवाय जुन्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. विक्रेता फक्त साल सांगत असेल आणि माल कुठे साठवला ते सांगत नसेल तर पुढे जा. २००६-०७ च्या मालाबद्दल जरा जपून. २००७ च्या वसंतापर्यंत भाव वेड्यासारखे चढले आणि मग कोसळले. त्या तेजीत जे हाताला लागेल ते दाबून विकलं गेलं. त्यात चांगलंही आहे, पण चाखल्याशिवाय नको.

अख्खं घ्यायचं ते शौ. मेंगहायची ७५७२ ही शौमधली सरधोपट, सहज मिळणारी जुळणी. आज घेऊन आजच पिता येते, चुकून पाच मिनिटं पाण्यात राहिली तरी कडू होत नाही. अगदी नवा शौ असेल तर ढिगाचा मासळीसारखा वास येतो. तो दोन-तीन वर्षांत उतरतो, म्हणून थोडा जुनाच घ्या. दूध घालून पिणाऱ्या पाहुण्यांनाही शौ चालतो, मी गुपचूप घालून पाहिलंय.

नवा शंग हा शिकण्यासाठी, आणि त्यात सगळी मजा आहे. युनानमधल्याच तीन जागा घ्या: बुलांग डोंगराचा कडू आणि दांडगा, यीवूचा मऊ आणि गोडसर, जिंगमायचा फुलांच्या वासाचा. जिंगमायची जुनी चहाची रानं २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आली, तेव्हापासून नाव ओळखीचं झालंय. या तिन्हींचे नमुने एका दुपारी शेजारी शेजारी चाखले की पुस्तकं वाचायची गरज उरत नाही. शिवाय शागुआन कारखान्याचा शंभर ग्रॅमचा वाडग्यासारखा गोळा घेऊन ठेवा. घट्ट दाबलेला, धुरकट, स्वस्त आणि दमट हवेला खंबीर. फोडताना मात्र सुई स्वतःच्या तळहाताच्या दिशेने धरू नका, आमच्यातल्या एकाने बांदोड्याला रक्त सांडलंच.

नव्या शंगात एक फसवणूक गोड असते. काही चकत्या पहिल्या कपालाच हिरव्या चहासारख्या सुगंधी, बिनतुरट, छान लागतात. पानं तापवताना उष्णता जास्त लावली की असं होतं, आणि असा चहा पुढे मुरत नाही, नुसता विरतो. ठेवायला घ्यायचा तर कडवटपणा असू द्या. पण तो कडवटपणा अर्ध्या मिनिटात सरून मागे गोडवा यायला हवा. जिभेवर बसून राहिला तर सोडा. शेकडो वर्षांच्या झाडांचा म्हणून जे विकतात त्याचे जास्तीचे पैसे सुरुवातीला देऊ नका. लाओ बानझांग गावाचं नाव छापलेली स्वस्त चकती तर शंभर टक्के खोटी. त्या गावचं पान तिथल्या तिथेच अफाट भावाने जातं.

साठवणुकीवर काकांचं म्हणणं सविस्तर लिहितो, कारण गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरीत राहणाऱ्यांना नेमकं हेच कुठे मिळत नाही. त्यांच्या पडवीतला ह्युमिडिटी मीटर आम्ही गेलो त्या दिवशी ८६ दाखवत होता, बाहेर ऊन असताना. पुएरला साधारण ६० ते ७० मानवते. त्याच्या पुढे बुरशीचं राज्य. म्हणून मृग लागायच्या आत काका सगळ्या चकत्या जाड झिपच्या पिशव्यांत भरतात, प्रत्येकीत ६२ टक्क्यांची आर्द्रता राखणारी पुडी टाकतात आणि कपाट बंद. औषधाच्या बाटलीत येतात त्या सिलिकाच्या पुड्या अजिबात नकोत. त्या चहा ठणठणीत सुकवतात आणि मुरणं थांबतं. पाऊस पूर्ण ओसरला की दसऱ्यानंतर पिशव्या उघडतात आणि मेपर्यंत चहा कपाटातच मोकळा राहतो. म्हणजे गोव्याची हवा त्याला लागते ती आठ महिन्यांची, उरलेले चार महिने तो कोंडलेला. आम्ही चाखला तो तुकडा पहिली काही वर्षं पिशवीशिवाय होता, कोंदट वास त्याचाच.

कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नये, चिऱ्याची भिंत पावसात पाणी शोषते. माळ्यावर नको, कौलांखाली मे महिन्यात भट्टी असते. देवघर नको, नव्या प्लायवूडचं कपाट नको, डांबरगोळ्या तर नावही काढू नका. आणि पुरुमेंताच्या खोलीत कदापि नको. सोलं, सुकी मासळी, खारवलेली मिरची जिथे पावसाळ्यासाठी भरून ठेवलीय तिथे पुएर ठेवला तर पुढच्या वर्षी तुम्ही सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, चहा प्याल. काकूंनी हे सांगताना काकांकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून हे घडून गेलं असावं.

बुरशी दिसलीच तर हिरवी, काळी किंवा केसाळ असेल तेव्हा चकती टाकून द्यायची, कडा खरवडून वाचवायची नाही. फू नावाच्या चहाच्या विटांमध्ये पिवळे ठिपके चांगले मानतात हे खरं, पण तो वेगळा चहा. पुएरवर पिवळं दिसलं म्हणून खूश होऊ नका.

पुणे-नाशिककरांची अडचण उलटी. मार्च ते मे हवा इतकी कोरडी की चकतीला वासच उरत नाही. तिथे त्याच पिशव्या उन्हाळ्यात वापरायच्या, पुडी ६५ ची घ्यायची.

पाण्याबद्दल एवढंच: काकांच्या विहिरीचं पाणी मऊ, त्यात शंग खुलतो. बोअरच्या जड पाण्यात तोच चहा मंद आणि पिठूळ लागतो. चाखायला जाताना दोन्ही बाजूंचं पाणी एकच ठेवा, नाहीतर तुलना फुकट. लॉजमधली किटली बहुधा नूडल्सची असते, आपली न्या. पाच-सहा ग्रॅम तोलणारा छोटा काटाही न्या.

मागवण्याबद्दल शेवटचं. चहावर आपल्याकडे मूळ आयात शुल्कच १०० टक्के आहे, त्यामुळे परदेशी दुकानातली किंमत पाहून हुरळू नका, दुपटीच्या वर धरून चाला. तीन-चार जणांनी मिळून एक चकती मागवणं परवडतं, आणि तोडून वाटली की प्रत्येकाच्या घरच्या हवेची परीक्षाही होते. गोव्यात पत्ता देत असाल तर पार्सल नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये येईल असं बघा. जुलैत पोस्टाच्या खोलीत आठवडाभर पडलेली पुठ्ठ्याची पेटी चहाला काय करते ते काकांच्या कपाटातल्या खालच्या खणात आहे, आणि त्याचा एक कप ते प्रत्येक नव्या पाहुण्याला आग्रहाने पाजतात.