लाइन गेली की झोपणारं मिंट

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत हे काम उरकायचं होतं: लाइन गेली की कॉम्प्युटरनं उघडं सगळं जपून आपोआप झोपायचं. महाल भागातल्या आमच्या गल्लीत दुपारी घरोघरी कुलर सुरू झाले की लाइन जाते म्हणजे जातेच. यूपीएस ६०० व्हीएचा, बॅटरी म्हातारी, जेमतेम चार मिनिटं तग धरते. त्याला डेटा केबल नाही, नुसता पीं-पीं ओरडतो. लाइन गेली हे कॉम्प्युटरवरच्या लिनक्सला (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) कळणार कसं? मी घरी नसलो की मशीन धाडकन बंद.

आधी हायबरनेट, म्हणजे उघडं सगळं डिस्कवर साठवून मशीन बंद करणं. माझं लिनक्स म्हणजे मिंट २२; त्याच्या मेन्यूत तो पर्याय दिसेना, टर्मिनलमधूनही नकार. कारण सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय: ती चालू असली की कर्नल (लिनक्सचा गाभा) हायबरनेट होऊ देत नाही. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ती बंद केली. रॅम ८ जीबी आणि झोपताना रॅममधलं जिथं साठवतात ती स्वॅपफाइल २ जीबीची, म्हणून ती १० ची केली. आता मशीन झोपायचं, पण उठायचं ते कोरं करकरीत! दोन संध्याकाळी यातच गेल्या. ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना लिनक्स चढवणारा प्रोग्राम) मी स्वॅपफाइलचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, टाकला होता. हवा होता ती फाइल ज्या पार्टिशनवर आहे त्याचा. सोबत रिझ्यूम ऑफसेट, म्हणजे ती फाइल पार्टिशनवर कुठे सुरू होते तो आकडा; तो फाइलफ्रॅग या कमांडच्या तक्त्यातल्या पहिल्या नोंदीत मिळतो.

मग जुगाड. राउटर यूपीएसवर नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटवर आहे. म्हणजे राउटर मेला की लाइन गेली! एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: दर दहा सेकंदांनी त्याला पिंग ("आहेस का?" अशी हाक), सलग तीनदा उत्तर नाही तर हायबरनेट. पहिल्या दिवशी झकास चाललं. लाइन आली, बटण दाबलं, सगळ्या खिडक्या जशाच्या तशा उघडल्या, आणि अर्ध्या मिनिटात मशीन पुन्हा झोपलं. पुन्हा उठवलं, पुन्हा झोपलं. राउटरला सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता मशीन उठलं की स्क्रिप्ट तीन मिनिटं गप्प बसते.

परवा मात्र लाइन असताना झोपलं. तासभर लॉग चाळले. शेवटी आई म्हणाली, "काहून रे, काय झालं? मिक्सर लावाचा होता म्हणून ते डबडं काढलं मी."

राउटर कपाटामागच्या पॉइंटवर न्यायचा आहे, पण वायर चार फूट कमी पडते. तोवर एक्स्टेंशन बोर्डवर ठेवलाय. त्या बोर्डावर दोन सॉकेट रिकामे आहेत आणि आईनं ते पाहिलेत.