चौथ्या नोडवर अडकलेलं एनएफएस शेअर

आमच्या कुबरनेटीस क्लस्टरमध्ये (कंटेनर चालवणाऱ्या मशीनांच्या समूहात) तीन नोड, म्हणजे तीन मशीन, होते आणि एनएफएसवरचं (नेटवर्कवरून फाइली वाटण्याची पद्धत) एक सामायिक शेअर सगळे पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) फक्त वाचायला वापरत होते. मग अहवाल तयार करून त्याच शेअरवर लिहिणारी नवी सेवा आली. तिच्यासाठी चौथा नोड जोडला, आणि त्या नोडवर गेलेला प्रत्येक पॉड ‘कंटेनर क्रिएटिंग’ या अवस्थेत अडकला. जुन्या नोडवर गेलेले निदान सुरू तरी होत होते.

अशा वेळी पॉडचे लॉग पाहण्यात अर्थ नसतो, कारण कंटेनर अजून जन्मलेलाच नसतो. ‘क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड’ चालवून खालचे इव्हेंट वाचायचे. तिथे ‘फेल्ड माउंट’ (माउंट म्हणजे शेअर मशीनला जोडणं), ‘एक्झिट स्टेटस ३२’ आणि पुढे ‘बॅड ऑप्शन’ असा मजकूर होता. एनएफएससाठी माउंटचा मदतनीस प्रोग्रॅम लागेल, अशी सूचनाही होती. इथे बरेच जण कंटेनरच्या इमेजमध्ये पॅकेज घालत बसतात. त्याचा काहीही उपयोग नाही. शेअर माउंट करतो तो नोडवरचा क्युबलेट (तिथले पॉड चालवणारा कुबरनेटीसचा प्रोग्रॅम), तोही कंटेनर सुरू होण्याआधी आणि नोडचाच माउंट प्रोग्रॅम वापरून. म्हणून पॅकेज नोडवर हवं: उबुंटू-डेबियनवर ‘एनएफएस-कॉमन’, रेड हॅटच्या घराण्यात ‘एनएफएस-युटिल्स’. जुन्या तिन्ही नोडवर ते होतं, चौथ्यावर नव्हतं.

पॅकेज घातल्यावरही पॉड लगेच हलत नाही. क्युबलेट प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा वेळ दुप्पट करत नेतो, कमाल २ मिनिटं २ सेकंदांपर्यंत. तेवढं थांबलं की तो आपणहून पुन्हा प्रयत्न करतो.

तसा प्रयत्न झाला, आणि आता सर्व्हरनेच प्रवेश नाकारला. सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये (शेअर कोणाला द्यायचं त्या यादीत) जुन्या तीन नोडचे आयपी एकेक करून लिहिलेले होते. सर्व्हरला दिसतो तो नोडचा पत्ता, पॉडचा नव्हे. पॉडच्या नेटवर्कची रेंज तिथे टाकून काही साधत नाही. नोडचा अख्खा सबनेट लिहिला आणि ती यादी पुन्हा लागू करणारं ‘एक्स्पोर्टएफएस’ ‘-आरए’ पर्यायासह चालवलं. मग नोडवर शिरून, एनएफएसची आवृत्ती ४.१ सांगून, शेअर हाताने माउंट करून पाहिलं. ही चाचणी मी कधीच टाळत नाही: नोडवर हाताने जे जमत नाही, ते क्युबलेटलाही जमणार नाही. आवृत्ती ४ ला फायरवॉलमध्ये २०४९ हे एकच पोर्ट पुरतं. आवृत्ती ३ असेल तर १११ आणि माउंटडीचं (सर्व्हरवर माउंटच्या विनंत्या हाताळणाऱ्या प्रोग्रॅमचं) पोर्टही उघडावं लागतं. सर्व्हरचं नाव देतानाही हेच भान हवं. ‘क्लस्टर डॉट लोकल’ने संपणारी सर्व्हिसची नावं पॉडला कळतात, नोडला सहसा कळत नाहीत.

पॉड ‘रनिंग’ झाले, आणि खरी गाठ इथे लागली. चारही नोडवर लिहायला परवानगी नाही. पॉडच्या व्याख्येत एफएसग्रुप (व्हॉल्यूमवरच्या फाइलींसाठीचा ग्रुप) २००० होता. एनएफएस व्हॉल्यूमवर क्युबलेट फोल्डरची मालकी बदलत नाही. तो फक्त प्रोसेसला तो ग्रुप जोडून देतो. मुख्य कंटेनरच्या आधी चालणाऱ्या सुरुवातीच्या कंटेनरमधून रूट म्हणून ‘चोन’ (मालकी बदलणं) करायचं तर रूट-स्क्वॉशमुळे सर्व्हर त्या रूटला ६५५३४ क्रमांकाचा ‘नोबडी’ मानतो आणि नकार देतो. म्हणून सर्व्हरवरच फोल्डरचा ग्रुप २००० केला आणि परवानगी २७७५ ठेवली. सुरुवातीचा २ अशासाठी, की आत तयार होणाऱ्या फाइलींना तोच ग्रुप मिळावा.

तरीही नकार. पॉडमध्ये ‘आयडी’ चालवलं तर युजर १०००१ आणि ग्रुपांच्या यादीत २००० स्पष्ट दिसत होता. म्हणजे ग्रुप क्लायंटकडून निघत होता आणि सर्व्हरवर पोचून गळत होता. सर्व्हर डेबियनचा, तिथे माउंटडीचा ‘मॅनेज-जीआयडीज’ हा पर्याय मुळातच चालू असतो. नेहमीच्या, केर्बेरॉस नसलेल्या पडताळणीत क्लायंट जास्तीत जास्त १६ ग्रुप पाठवू शकतो. ती मर्यादा ओलांडण्यासाठी हा पर्याय क्लायंटची यादी बाजूला ठेवतो आणि सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदीतून त्या युजरचे ग्रुप शोधतो. आमचा १०००१ सर्व्हरला ठाऊकच नव्हता, त्यामुळे यादी रिकामी.

मात्र प्राथमिक ग्रुपला हा पर्याय हात लावत नाही. पॉडच्या सुरक्षा विभागात ‘रन ॲज ग्रुप’ २००० लिहिलं, म्हणजे २००० हाच प्राथमिक ग्रुप झाला, आणि पहिला अहवाल शेअरवर उतरला. पर्याय बंद करणं हाही मार्ग होता. पण तोच सर्व्हर इतर विभागांची माणसं वापरतात आणि त्यांतल्या काहींचे ग्रुप १६ च्या वर आहेत, त्यामुळे सर्व्हर तसाच ठेवला.