तुम्ही विचारलंत म्हणून: ही सम कुणाची?

"नाच सोडून हे कॉम्प्युटरचं काय घेऊन बसलीस?" गुरुबहिणी विचारतात, मावशी विचारते, कार्यक्रम संपल्यावर घुंगरू सोडत असताना अनोळखी माणसंही विचारतात. उत्तर देताना हल्ली माझा आवाज चढतो, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

नाच सोडलेला नाही. रोज सकाळी तत्कार, म्हणजे कथकच्या पदन्यासाचा रियाझ, होतो. पूर्वी दोन तास व्हायचा, आता पाऊण तास होतो, हेही खरं आहे. डिजिटल तंत्रामुळे नृत्य रचताना आणि सादर करताना काय बदलतं, हा माझा पीएच.डी.चा विषय आहे, आणि तो मला कथकच्या वर्गातच सापडला. तंबोऱ्याचं यंत्र, मोबाइलवरचा लेहरा (ताल धरून ठेवणारी, फिरून फिरून वाजणारी धून), घुंगरांसाठी पायाशी ठेवलेला माइक, यांतलं काहीच तुम्हाला 'कॉम्प्युटरचं' वाटत नाही. आमच्या ताईंकडे, म्हणजे माझ्या कथकच्या गुरूंकडे, लेहऱ्याची कॅसेट होती. सेल उतरले की लयही उतरायची आणि आम्ही त्याच लयीत रियाझ करायचो. तेव्हा कुणी काही विचारलं नाही.

आधी मी लोकांना मर्स कनिंगहॅम ऐकवायचे. संधिवाताने शरीर आखडत चाललेले हे अमेरिकन नृत्यरचनाकार सत्तरीच्या सुमारास 'लाइफफॉर्म्स' नावाच्या सॉफ्टवेअरवर आकृत्या हलवून रचना करू लागले. १९९१ ची 'ट्रॅकर्स' त्यातून आली. पुढे १९९९ च्या 'बायपेड'मध्ये नर्तकांच्या अंगावर खुणा लावून टिपलेल्या हालचाली रेघांची माणसं होऊन रंगमंचापुढच्या पारदर्शक पडद्यावर उमटल्या. एवढ्या मोठ्या माणसाला चालतं, मग मला का नाही, असा माझा मुद्दा असायचा. आता हे उदाहरण देताना मीच अडखळते. कनिंगहॅम यांच्याकडे नाच आणि संगीत एकाच वेळी घडत, पण एकमेकांना बांधलेले नसत. नर्तकांना संगीत पुष्कळदा पहिल्या प्रयोगालाच ऐकायला मिळे. म्हणजे तिथे सम नाही, तालाची ती पहिली मात्रा, जिथे नाच आणि संगीत एकत्र येऊन पोचतात. आणि माझं सगळं दुखणं समेचं आहे.

जुलै २०२० ची गुरुपौर्णिमा. वर्ग मार्चपासून व्हिडिओ कॉलवर चालला होता. घुंगरांचा आवाज त्या कॉलला गोंगाट वाटायचा आणि तो आपोआप कापला जायचा. आम्ही पाय मारत होतो आणि ताईंना नुसते हलणारे पाय दिसत होते. आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळे एकत्र नाचणं शक्यच नव्हतं. म्हणून ठरलं की प्रत्येकीने कानात तोच लेहरा लावून घरी मोबाइलवर चित्रण करायचं, ताईंनी पढंत करून, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणून, पाठवायची, आणि जोडकाम मी करायचं. मला येत होतं, आणि येतं याचा अभिमानही होता.

तीन रात्री बसले. बारा मुलींचे पाय, एक लेहरा. पडद्यावर आवाजाची लाट दिसते, समेवर उभी रेघ ओढता येते, आणि जिचा पाय मागे-पुढे पडलाय तिला धरून त्या रेघेवर आणता येतं. ताईंच्या पढंतीतही तेच केलं. शेवटच्या तिहाईचा, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपणाऱ्या तुकड्याचा, तिसरा 'धा' रेघेच्या मागे होता. दोन फ्रेम. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर साधारण ६७ मिलिसेकंद. तो मी ओढून रेघेवर ठेवला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला.

"ही सम कुणाची?"

"तुमचीच, ताई."

"माझी नाही. मी थांबले होते तिथे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तीन रात्रींचं जागरण, आणि समोर रेघ स्पष्ट दिसत होती. मी म्हटलं, "ताई, ती थोडी चुकली होती, म्हणून सरळ केली."

ज्यांनी मला सम म्हणजे काय ते शिकवलं त्यांना मी, त्यांची सम चुकली, असं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. तीन आठवडे त्यांनी वर्ग घेतला नाही. कारण तब्येतीचं सांगितलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या तीन आठवड्यांत आहे. मी मूळ फाइल पुनःपुन्हा ऐकली. मग ताईंच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतल्या तिहाया काढून मोजायला लागले. अतीत-अनागत, म्हणजे समेच्या नंतर किंवा आधी येणं, शास्त्रात आहेच, पण ते ठरवून, सांगून केलेलं असतं. हे त्याहून बारीक होतं. मध्यलयीत, तिहाईच्या शेवटी, तबलजी ओळखीचे असले की ताईंचा 'धा' हटकून मागे. द्रुत लयीत नाही. अनोळखी साथ असली तर नाही. म्हणजे ती चूक नव्हती, सवय होती, कदाचित समोरच्या माणसाला दिलेला श्वास होता. 'कदाचित' अशासाठी, की मशीनने मला किती मागे ते सांगितलं, का ते सांगितलं नाही. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय माहीत, मी काय मोजून करते?"

ज्या यंत्राने मी ती सम मोडली, त्याच यंत्राने ती मला ऐकू आली. वीस वर्षं समोर बसून ऐकू आली नव्हती. हे कबूल करायला मला आजही जड जातं, आणि म्हणूनच 'नाच सोडलास' ऐकलं की मी चिडते.

पण मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलींना दोन्ही तिहाया ऐकवल्या, कुठली कुठली ते न सांगता. या मुली ॲपच्या लेहऱ्यावरच वाढल्या आहेत. तो लेहरा कधी कुणासाठी थांबत नाही. बहुतेक जणींना माझी दुरुस्त केलेली बरोबर वाटली. एक म्हणाली, "दुसरीत बाई जरा दमल्यात का?" तिला मी काय सांगायला हवं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कथकची लय पिढीगणिक बदलतच आलीय, असं मीच प्रबंधात लिहिलंय.

तो २०२० चा व्हिडिओ अजून आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये फिरतो. नव्या मुली त्यावरूनच ती तिहाई बसवतात. तो काढून टाक असं ताई कधी म्हणाल्या नाहीत, आणि काढू का असं मी त्यांना विचारलेलं नाही. मूळ फाइल माझ्याकडे आहे.