कन्सोल केबलपायी गेलेले अकरा दिवस: सीसीएनएच्या घरच्या लॅबचा माझा अनुभव

सगळ्यात आधी हे सांगून टाकतो, म्हणजे कुणाचे तरी अकरा दिवस वाचतील. सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा. तिच्या अभ्यासासाठी घरी लॅब उभी करणार असाल, तर स्विच आणि राउटर ही नेटवर्कची यंत्रं नंतर घ्या. आधी कन्सोल केबल, म्हणजे लॅपटॉपवरून त्या यंत्रांना थेट आज्ञा द्यायची केबल, घ्या, ती आपल्या लॅपटॉपवर चालते का ते बघा आणि मगच बाकीच्या खरेदीला बाहेर पडा. मी नेमकं उलटं केलं आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

मी पुण्यात एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे. पाच वर्षं प्रिंटर आणि विसरलेले पासवर्ड हेच काम. नेटवर्क टीमचा रॅक काचेच्या दाराआड, त्याला आमचा हात लागायचा नाही. सीसीएनएच्या २००-३०१ या परीक्षेची फी ३०० डॉलर, तेव्हा क्लासला वेगळे वीस-बावीस हजार घालणं मला जमणारं नव्हतं. अभ्यास पॅकेट ट्रेसरवर, म्हणजे संगणकावर नकली नेटवर्क उभं करणाऱ्या सिस्कोच्या प्रोग्रामवर, सुरू केला होता. तो मोफत मिळतो आणि खरं सांगायचं तर ह्या परीक्षेचा बहुतेक सराव त्यावर होतो. पण एका अंतर्गत मुलाखतीत मला विचारलं, "नवा स्विच हातात दिला, तर पहिल्या दहा मिनिटांत काय काय कराल?" मी आज्ञा घडाघडा म्हणून दाखवल्या. समोरच्यांनी विचारलं, "त्या आज्ञा टाकणार कुठे?" तिथे माझी बोलती बंद झाली. पॅकेट ट्रेसरमध्ये कन्सोल केबल म्हणजे एक फिकट निळी रेघ. इकडे क्लिक, तिकडे क्लिक, झालं. खऱ्या जगात त्या रेघेला किती सांधे असतात, ते मला ठाऊक नव्हतं.

दहा हजारांची मर्यादा ठरवून एका शनिवारी मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. जुना माल विकणाऱ्या एका दुकानात सिस्कोच्या २९६० मालिकेतले चोवीस पोर्टांचे दोन स्विच प्रत्येकी १,८०० ला आणि एक १८४१ राउटर २,२०० ला ठरला. दुकानदाराने तिघांना वीज दिली, दिवे लागले. "टेस्टेड आहे साहेब, घेऊन जा बिनधास्त." वर एक निळी चपटी कन्सोल केबल फुकट दिली. दहा किलोंची पिशवी मांडीवर घेऊन डेक्कन क्वीनने परत आलो.

दिवे लागले म्हणजे यंत्र तपासलं असं होत नाही. दुकानदाराला स्पष्ट सांगा की कन्सोल जोडून 'शो व्हर्जन' आणि 'डिर फ्लॅश' दाखवा. पहिल्या आज्ञेने आतली ऑपरेटिंग सिस्टीम कळते, दुसरीने फ्लॅशमधल्या, म्हणजे आतल्या साठवणीतल्या, फाइली. त्याच्याकडे ती सोय नसेल तर दुसरं दुकान बघा, तिथे दुकानांना तोटा नाही. घरी आल्यावर एका स्विचचा सिस्ट दिवा (यंत्राची स्थिती दाखवणारा) दोनेक मिनिटांत स्थिर झाला, दुसऱ्याचा लुकलुकतच राहिला. आत काय बिघडलंय हे बघायचं तर कन्सोलशिवाय वाट नाही, आणि माझा त्रास तिथून सुरू झाला.

फुकट मिळालेल्या केबलच्या एका टोकाला नेटवर्क केबलला असतो तसा आरजे-४५, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा डीबी-९. हल्लीच्या लॅपटॉपला तसा पोर्ट नसतो. म्हणून २२० रुपयांचा यूएसबी कन्व्हर्टर ऑनलाइन मागवला, तो सोमवारी आला. लावला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि शेजारी इंग्रजीत संदेश की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, आपल्या विक्रेत्याशी संपर्क साधा. साधला. विक्रेत्याचं उत्तर आलं, "ड्रायव्हर अपडेट करा." केला, त्रिकोण तसाच. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. चार वेळा मी स्क्रीनचा फोटो पाठवला आणि चारही वेळा "ड्रायव्हर अपडेट करा" हेच वाक्य परत आलं. तो फोटो कुणी उघडून तरी पाहिला का, असा प्रश्न मला आजही पडतो, कारण दुखणं त्या अपडेटमध्येच होतं! ह्या कन्व्हर्टरमध्ये जुन्या चिपा असतात, बऱ्याचदा त्यांच्या नकलाही असतात, आणि नवा ड्रायव्हर त्यांना ओळखून मुद्दाम चालू देत नाही. जितका नवा ड्रायव्हर तितका पक्का नकार. भांडून भांडून बदली माल मिळवला, तो पुढच्या शनिवारी आला. पाकीट नवं, चिप तीच.

रविवारी स्वतःच शोधून काढलं की ड्रायव्हर मागे न्यायचा असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर, मग संगणकावरून निवडा, मग यादीतून निवडा, आणि यादीतली जुन्यात जुनी आवृत्ती घ्यायची. जुनी आवृत्ती यादीत नसेल तर ती आधी उतरवून बसवावी लागते. त्रिकोण गेला, 'कॉम ३' दिसायला लागला. मी खुर्चीतून उठून आईला सांगायला स्वयंपाकघरात गेलो, इतका आनंद झाला होता. पुट्टी हा आज्ञा टाकायचा प्रोग्राम उघडलं, वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, फ्लो कंट्रोल बंद. एंटर दाबलं. काळी स्क्रीन. पुन्हा एंटर, काळी स्क्रीन. चांगल्या स्विचला लावलं तरी तेच, राउटरला लावलं तरी तेच. तीन यंत्रं एकदम मुकी कशी होतील? मी पुन्हा कन्व्हर्टरवरच संशय घेतला. सोमवारी रात्री विंडोजने आपणहून नवा ड्रायव्हर आणून बसवला आणि त्रिकोण परत आला. मंगळवारची सगळी संध्याकाळ तो काढून जुना पुन्हा बसवण्यात गेली.

बुधवारी लॅपटॉप, केबल, कन्व्हर्टर सगळं सॅकमध्ये घालून बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत गेलो. एका लहानशा दुकानात वयस्कर काका बसले होते. माझं सगळं रामायण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू सगळं एकदम तपासतोयस. एकेक तुकडा वेगळा कर." त्यांनी तांब्याच्या तारेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घेतला, कन्व्हर्टरच्या डीबी-९ मधल्या २ आणि ३ नंबरच्या पिना त्याने जोडल्या आणि मला म्हणाले, "आता टाइप कर." मी माझं नाव टाइप केलं. अक्षरं स्क्रीनवर उमटली. ३ ही पाठवायची पिन, २ ही ऐकायची. पाठवलेलं तारेवरून फिरून परत आलं, म्हणजे कन्व्हर्टर बोलतोही आहे आणि ऐकतोही आहे. काकांनी तार काढली. मी टाइप केलं, काहीच उमटलं नाही. पुन्हा लावली, पुन्हा उमटलं. नऊ दिवस ज्याच्यावर मी खापर फोडत होतो, तो आता ठणठणीत होता.

मग त्यांनी मल्टिमीटर बझरवर ठेवला आणि निळ्या केबलची एकेक तार टोकापासून टोकापर्यंत वाजवून पाहिली. डीबी-९ च्या २ नंबरच्या पिनेवर आले तेव्हा बझर वाजलाच नाही. स्विच जे बोलतो ते लॅपटॉपपर्यंत आणणारी तीच तार आत तुटलेली होती. केबल मुळातच मेलेली! "टेस्टेड" मालाबरोबर मला ती फुकट मिळाली होती. एक दोष ड्रायव्हरचा आणि एक केबलचा, असे दोन्ही एकावर एक बसल्यामुळे पहिला सुटला तरी मला सुटल्यासारखा दिसला नाही.

काकांकडूनच एफटीडीआय कंपनीच्या चिपची यूएसबी ते आरजे-४५ अशी एकसंध केबल ७५० रुपयांना घेतली. तपासणीचे त्यांनी काही घेतले नाहीत. घरी येऊन लावली आणि पहिल्याच एंटरला स्क्रीनवर अक्षरं आली. ७५० आणि २२० मधला फरक ५३० रुपयांचा. तेवढे वाचवायला जाऊन मी अकरा दिवस घालवले. तुम्ही घालवू नका.

लुकलुकणाऱ्या स्विचवर 'स्विच' आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, एवढाच प्रॉम्प्ट होता. म्हणजे तो बूटलोडरमध्ये, ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, अडकला होता. 'फ्लॅश_इनिट' दिलं, मग 'डिर फ्लॅश'. आत काही नाही. कुणीतरी तो 'साफ' करताना ऑपरेटिंग सिस्टीमच पुसून टाकली होती. ती फाइल मला अधिकृतपणे उतरवता येत नव्हती. माझ्या कामी आला तो त्याच मॉडेलचा दुसरा स्विच. त्याच्यावर जुन्या मालकाचा पासवर्ड होता. मोड बटण दाबून धरून वीज दिली, 'कॉन्फिग डॉट टेक्स्ट' या सेटिंगच्या फाइलचं नाव बदललं आणि बूट केला. मग व्हीलॅन १ ला (व्हीलॅन म्हणजे स्विचमधला नेटवर्कचा वेगळा विभाग) आयपी देऊन टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने, ऑपरेटिंग सिस्टीमची फाइल लॅपटॉपवर घेतली. (विंडोजची फायरवॉल टीएफटीपी अडवते. तेवढ्यापुरती परवानगी द्या.)

पुढचं काम एक्समोडेमचं, म्हणजे फाइल कन्सोल केबलवरूनच थेंब थेंब आत सोडायची. पुट्टीत ती सोय नाही, टेरा टर्म हा तसाच दुसरा प्रोग्राम घ्या. गुरुवारी माझी दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी नऊला सुरू केलं. ९६०० च्या वेगाने सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात आणि फाइल साधारण ११ एमबीची, म्हणजे सव्वातीन तास तरी धराच. पुण्यात गुरुवार हा देखभालीचा वार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पावणेबाराला वीज गेली तेव्हा सत्तर टक्के झालं होतं. सगळं पहिल्यापासून. रात्री पाळीवरून आल्यावर वाचलं की बूटलोडरमध्ये 'सेट बॉड ११५२००' देऊन वेग वाढवता येतो. दिलं, टेरा टर्मचा वेगही तेवढाच केला, आणि तीच फाइल अर्ध्या तासाच्या आत गेली. काम झाल्यावर 'अनसेट बॉड' द्यायला विसरू नका. नाहीतर पुढच्या वेळी ९६०० वर स्क्रीनभर चित्रविचित्र अक्षरं दिसतील आणि पुन्हा केबलवर शंका येईल. रात्री पाऊण वाजता 'बूट' दिलं. चिन्हं एकामागून एक ओळीने उमटत गेली आणि सिस्ट दिवा स्थिर झाला. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकं बरं वाटत होतं.

त्यापुढचं सगळं सुरळीत झालं. परीक्षेतले विषय एकेक करून केले: व्हीलॅन, ट्रंक, एका १८४१ वर सबइंटरफेस काढून व्हीलॅनमधलं राउटिंग, डीएचसीपी, एसीएल, एसएसएच. ओएसपीएफला (राउटरांनी आपसात वाटा ठरवण्याची पद्धत) तीन-चार राउटर लागतात, ते मी पॅकेट ट्रेसरवरच केलं. त्यासाठी आणखी यंत्रं घेऊन पैसे घालू नका. एकूण खर्च, पॅच कॉर्ड धरून, सात हजारांच्या आत. परीक्षा चार महिन्यांनी दिली आणि पास झालो.

एक प्रयोग मात्र खऱ्या स्विचवरच करा. दोन्ही स्विच दोन केबलींनी एकमेकांना जोडा. एका पोर्टचा दिवा नारिंगी होऊन तसाच राहतो, स्पॅनिंग ट्रीने, म्हणजे डेटा गोल गोल फिरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेने, ती वाट बंद केलेली असते. आता चालू केबल उपटा आणि घड्याळ बघा. नारिंगीचा हिरवा व्हायला तीस सेकंद लागतात, पंधरा ऐकण्याची आणि पंधरा शिकण्याची. मग दोन्हीकडे मोड रॅपिड-पीव्हीएसटी (त्याच यंत्रणेचा वेगवान प्रकार) करा आणि पुन्हा उपटा. दिवा जवळजवळ लगेच हिरवा होतो. पुस्तकात हे मी दहा वेळा वाचलं होतं, पण ते तीस सेकंद हातात केबल धरून उभं राहिल्यावर मनात बसले.

आवाजाचं सांगायचं राहिलं. ह्या स्विचांना पंखे असतात. आईने दुसऱ्याच रात्री विचारलं, "हे रात्रभर असंच घोंघावणार का रे?" झोपायच्या खोलीत ठेवणार असाल, तर २९६० मधलाच आठ पोर्टांचा बिनपंख्याचा स्विच मिळतो का बघा. वीज फारशी लागत नाही, अभ्यासापुरतं चालू ठेवायचं आणि बंद करायचं.

आणि जुना स्विच हाती आला की 'राइट इरेज' ही कॉन्फिग पुसायची आज्ञा देऊन थांबू नका, फ्लॅशमधली 'व्हीलॅन डॉट डॅट' ही फाइलही पुसा. व्हीलॅन तिथे साठवलेले असतात, कॉन्फिग उडवली तरी ते जात नाहीत. माझ्या चांगल्या स्विचवर 'शो व्हीलॅन ब्रीफ' दिलं तेव्हा कुठल्यातरी बंद पडलेल्या किंवा हललेल्या ऑफिसचं सगळं बिऱ्हाड समोर आलं: अकाउंट्स, स्टोअर, सीसीटीव्ही, आणि तीस नंबरला कँटीन. मी यादी दोनदा वाचली, फाइल डिलीट केली आणि रीलोड दिलं.