ईबेच्या लिस्टिंगसाठी टेम्प्लेट: माझा अनुभव, थोडा रागातच

बाबांचा पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह विकायला काढला तेव्हा ईबेवर, म्हणजे ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर, लिस्टिंग (विक्रीचं पान) टाकायची वेळ आली. भारतातलं ईबे २०१८ च्या ऑगस्टमध्येच बंद झालं, त्यामुळे आता इथून विकायचं म्हणजे बाहेरच्या गिऱ्हाइकाला, आणि तो गिऱ्हाईक जर्मनीत नाहीतर अमेरिकेत बसून आपले फोटो आणि आपलं वर्णन एवढंच बघणार. खातं, पॅन, पेओनियर (परदेशातून पैसे घ्यायची सेवा) हे सगळं निमूट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते टेम्प्लेटपाशी, म्हणजे वर्णनाच्या तयार साच्यापाशी. आणि असं अडलं की अजून आठवलं तरी डोकं तापतं.

झालं असं की बाकीच्या तिकीटवाल्यांची पानं बघितली तर छान हेडिंग, चौकटी, अटींचा वेगळा भाग, आणि माझं वर्णन म्हणजे नुसता परिच्छेद. म्हटलं जरा प्रोफेशनल दिसू दे. म्हणून एका साइटवरून तयार टेम्प्लेट विकत घेतलं, नाव घेत नाही. जुन्या कागदाची तपकिरी बॉर्डर, कोपऱ्यात पीस आणि दौत, खाली छोट्या फोटोंची रांग, त्यावर माउस नेला की मोठा फोटो. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, ईबेसाठी तयार, फक्त पेस्ट करा.

पेस्ट केलं. लिस्टिंगच्या फॉर्ममध्ये वर्णनाच्या डब्यापाशी एचटीएमएल (वेबपानाचा कोड) दाखवायचं बटण असतं, तिथे टाकायचं, साध्या डब्यात टाकलं तर कोडच गिऱ्हाइकाला दिसतो. सेव्ह करायला गेले तर मेसेज, तुमच्या वर्णनात अ‍ॅक्टिव्ह कंटेंट आहे. म्हणजे जावास्क्रिप्ट, फ्लॅश, फॉर्म, प्लगइन असला पानावर चालणारा कुठलाही कोड. २०१७ च्या जूनपासून ईबेने हे बंद केलंय, आणि नियम बरोबरच आहे, कुणाच्याही पानावर कुणाचीही स्क्रिप्ट चालायला लागली तर काय होईल. पण मग इतक्या वर्षांनी हे लोक ‘ईबेसाठी तयार’ म्हणून काय विकतायत?

त्यांच्या सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, ब्राउझरची कॅशे साफ करा. केली. मग दुसरा ब्राउझर वापरा. वापरला. मग स्क्रीनशॉट पाठवा, पाठवला, तर म्हणे आमच्याकडे व्यवस्थित चालतंय. अहो तुमच्याकडे चालणारच, तुम्ही ते तुमच्याच पानावर चालवताय! शेवटी ‘कसं वापरावं’ची तीच पीडीएफ परत पाठवली जी विकत घेताना आलेली होती, आणि माझ्या तक्रारीचं तिकीट बंद केलं. (हे दुसरं तिकीट, पोस्टाचं नव्हे.)

मग मीच कोड उघडून बसले. मला कोडिंग येत नाही, पण शोधता येतं. ‘स्क्रिप्ट’ शब्द शोधला, तळाशी भेटींचा काउंटर सापडला, उडवला. मेसेज तसाच. परत शोधला तर शब्द कुठेच नाही आणि मेसेज मात्र आहेच. शेवटी भाच्याने फोनवर युक्ती सांगितली ती लिहून ठेवा, फार कामाची आहे. मूळ कोडची कॉपी बाजूला ठेवायची, मग अर्धा कोड काढायचा आणि सेव्ह करून बघायचं. मेसेज गेला तर घाण काढलेल्या अर्ध्यात आहे, नाही गेला तर उरलेल्यात. मग त्या अर्ध्याचं परत अर्धं. असं करत करत त्या फोटोंच्या रांगेपाशी पोचले. फोटोच्या टॅगच्या आतच ‘ऑनमाउसओव्हर’ म्हणून एक तुकडा, माउस नेला की फोटो बदलणारा. तो पण जावास्क्रिप्टच, फक्त स्क्रिप्ट हा शब्द न लिहिता. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले तीच चालणार नव्हती, आणि हे सपोर्टच्या माणसाला एका वाक्यात सांगता आलं असतं.

ते काढलं, लिस्टिंग सेव्ह झाली, आणि प्रिव्ह्यूमध्ये बॉर्डर गायब, पीस गायब. कारण ती चित्रं त्यांच्या सर्व्हरवर, एचटीटीपी पत्त्यावर, एस नसलेल्या, म्हणजे असुरक्षित. सुरक्षित पानावर असली चित्रं धड दिसतील याचा भरवसा नसतो. तळाशी परत त्यांच्या साइटची लिंक, बाहेरच्या लिंका चालत नाहीत, तीही काढा. तसंही दुसऱ्याच्या सर्व्हरवर चित्रं ठेवायची म्हणजे त्याच्या मर्जीवर राहणं. २०१७ मध्येच फोटोबकेट या फोटो ठेवायच्या साइटने बाहेरच्या साइटवर फोटो दाखवायचे वर्षाला ३९९ डॉलर मागायला सुरुवात केली आणि एका झटक्यात कितीतरी विक्रेत्यांच्या लिस्टिंगवर फोटोच्या जागी पैसे भरा अशी पाटी लागली. तिकिटांचे फोटो ईबेच्याच गॅलरीत टाका, चोवीस फोटो बसतात.

मग फोनवर उघडलं तर आख्खं पान एका टेबलात, रुंदी ठोकून ९६० पिक्सेल, वाचायला बोटाने डावीकडे उजवीकडे ओढत बसा. भाचा म्हणाला, "मावशी, हे सगळं फेकून दे ना, तुला त्यात नक्की दाखवायचंय तरी काय?"

हा प्रश्न आधी कुणी विचारला असता तर बरं झालं असतं. तिकीट घेणाऱ्याला पीस-दौत नको असते. त्याला कॅटलॉग नंबर हवा, स्टॅन्ली गिबन्स किंवा स्कॉट या तिकिटांच्या कॅटलॉगमधला, मिंट (कोरं) आहे की वापरलेलं, मागचा गोंद शाबूत आहे का, हिंजची (अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीची) खूण आहे का, कडेचे दाते तुटलेत का, आणि मागच्या बाजूचा फोटो. १९४८ च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला भरपूर फिरतात, तिथे मागची बाजू न दाखवणाऱ्यावर कोण बोली लावणार.

तर आता माझं टेम्प्लेट म्हणजे एकच कॉलम, रुंदी शंभर टक्के, वर व्ह्यूपोर्टची ओळ (पान फोनच्या रुंदीत बसवणारी), १६ पिक्सेलचा साधा फॉन्ट, पांढऱ्यावर काळं, एक गडद निळं हेडिंग, आणि त्याखाली वर सांगितलेल्या क्रमाने माहिती. भाच्याने एका संध्याकाळी करून दिलं आणि मला ते विकतच्यापेक्षा जास्त आवडतं, सांगायला लाज नाही. अजून एक, मोबाइलवर ईबे वर्णनाचा फक्त सारांश दाखवतं, साधारण ८०० अक्षरं, तेव्हा महत्त्वाचं सगळं आधी लिहा, ‘माझ्या दुकानात स्वागत’ने सुरुवात करू नका. टायटलला ८० अक्षरं मिळतात, ती ‘सुंदर’, ‘दुर्मिळ’ यात घालवू नका, वर्ष आणि तिकिटावर छापलेली किंमत लिहा, जसं १९४७, साडेतीन आणे, तिरंगा.

टपालाच्या अटी चित्रात कधीच लिहू नका, मजकुरातच ठेवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या टपाल खात्याने अमेरिकेचं बुकिंग थांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये परत सुरू केलं, तेव्हा मला एक ओळ बदलून भागलं. पण लिलावावर बोली लागली असेल तर वर्णन बदलता येत नाही, खाली जोडताच येतं फक्त, म्हणून टाकायच्या आधी स्वतःच्या फोनवर एकदा पूर्ण वाचून घ्या.

पैसे परत मागितले होते त्या टेम्प्लेटवाल्यांकडे. त्यांनी पुढच्या खरेदीवर सूट देणारं कुपन पाठवलं. आणि हो, वर्डमधून वर्णन कॉपी करून डब्यात टाकू नका, सोबत वर्डचा नको तो कोड येतो आणि मधेच फॉन्ट बदलतो, आधी नोटपॅडमध्ये टाकून मग तिथून उचला. तिकीट स्कॅन करताना मागे काळा कागद ठेवा, दाते नीट दिसतात.